ललिताबाईंचा डावा डोळा

मित्रमैत्रिणींनो, पुढे वाचण्याआधी एक गंमत करा. आरशासमोर उभे राहा आणि फक्त उजव्या गालाने हसून बघा. डावा गाल अजिबात हलवायचा नाही, डावा डोळाही बारीक करायचा नाही. जमतंय का? आणि जमलं तर आरशातला चेहरा कसा दिसतो? थोडा लबाड, थोडा रागावलेला, नाही का? आता मजा बघा. तुम्ही तर हसत होतात! मनात राग नव्हता, लबाडी नव्हती. तरी बघणाऱ्याला मात्र भलतंच काही दिसलं.

आज मी तुम्हाला ज्या नटीची गोष्ट सांगणार आहे, त्यांच्या चेहऱ्याचं असंच झालं होतं. फरक एवढाच की तुम्ही आरशापासून दूर झालात की खेळ संपतो. त्यांचा संपला नाही. पंचावन्न वर्षं त्या तसाच चेहरा घेऊन जगल्या. नुसत्या जगल्या नाहीत, तो चेहरा हजारो दिव्यांच्या उजेडात, कॅमेऱ्यासमोर घेऊन उभ्या राहिल्या.

त्यांचं नाव ललिता पवार.

नाव ऐकून तुमच्यातले काही जण म्हणतील, कोण बुवा या? त्यांनी आजीला विचारा. आजी लगेच म्हणेल, "अगं, ती रामायणातली मंथरा!" रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका १९८७ आणि १९८८ साली दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायची. २०२० साली टाळेबंदीत ती पुन्हा दाखवली, तेव्हा तुमच्यापैकी कित्येकांनी ती पाहिली असेल. त्यातली ती कुबड काढून, काठी टेकत चालणारी, कैकेयीच्या कानाशी लागणारी दासी आठवते? एक डोळा बारीक करून बघणारी? त्याच ललिताबाई. तेव्हा त्यांचं वय सत्तरीच्या पुढे होतं, बरं का!

मराठी घरांमध्ये तर हे नाव एक शिवीच होऊन बसलं होतं. सासू जरा कडक असली की शेजारीपाजारी म्हणायचे, "अगदी ललिता पवार आहे हो!" एखाद्या माणसाचं नाव असं भाषेतच जाऊन बसणं ही साधी गोष्ट नाही. पण विचार करा, लोक आपलं नाव असं वापरतात, हे रोज ऐकणाऱ्या माणसाला काय वाटत असेल?

चला, आता सुरुवातीपासून सांगते.

नाशिक जिल्ह्यात येवला नावाचं गाव आहे. पैठणीसाठी प्रसिद्ध असलेलं. तिथे १८ एप्रिल १९१६ रोजी एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी एक मुलगी जन्मली. तिचं नाव अंबा. ललिता हे नाव नंतरचं, सिनेमातलं. अंबा लहान असतानाच पडद्यावर आली. तेव्हा सिनेमे मुके होते. म्हणजे चित्र हलायचं, पण आवाज नाही! आपल्या देशातला पहिला बोलपट, 'आलम आरा', आला १९३१ साली. त्याच्याआधी नटनट्यांना जे काही सांगायचं ते डोळ्यांनी, भुवयांनी, ओठांनी आणि हातांनीच सांगावं लागे. राग आला, तर तो डोळ्यांत दिसायला हवा. रडू आलं, तर ते हनुवटीत दिसायला हवं. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे. ललिताबाईंची शाळा ती होती. चेहऱ्याने बोलायची शाळा.

त्या शाळेत त्या भराभर पुढे गेल्या. मुक्या सिनेमात नायिका झाल्या. १९३२ साली 'कैलाश' नावाच्या मूकपटात त्यांनी काम तर केलंच, शिवाय त्याच्या निर्मितीतही वाटा उचलला. आणि वय किती? सोळा वर्षं! म्हणजे दहावी-अकरावीतली मुलगी. पुढे बोलपट आले. तेव्हा कित्येक नट-नट्यांना आपली गाणी आपणच म्हणावी लागत. ललिताबाई गायच्यासुद्धा. घोड्यावर बसणाऱ्या, मारामारी करणाऱ्या नायिकाही त्या झाल्या आणि साध्या, सोशिकही. 'दुनिया क्या है' नावाचा बोलपटही त्यांनी काढला. १९४१ साली मास्टर विनायकांच्या 'अमृत'मध्ये त्यांनी काम केलं. त्याची कथा वि. स. खांडेकरांची होती. म्हणजे बघा, पंचविशीच्या आतच या बाई नायिका, गायिका आणि निर्मात्या, सगळं काही होऊन गेल्या होत्या.

आणि मग १९४२ साल उजाडलं.

'जंग-ए-आझादी' नावाच्या सिनेमाचं चित्रण चाललं होतं. प्रसंग असा होता की, समोरच्या नटाने ललिताबाईंच्या थोबाडीत मारायची. समोरचा नट म्हणजे मास्टर भगवान. पुढे 'अलबेला'मुळे (१९५१) जे सगळ्यांचे लाडके भगवानदादा झाले ते. तेव्हा ते तरुण होते.

सिनेमात थोबाडीत कशी मारतात, ठाऊक आहे तुम्हाला? खरं तर मारतच नाहीत. मारणाऱ्याचा हात गालाच्या समोरून, हवेतून जातो. कॅमेरा अशा कोनात ठेवलेला असतो की हात आणि गाल यांच्यामधलं अंतर दिसत नाही. मार खाणारा नेमक्या क्षणी मान झटकतो. 'फाट्' असा आवाज मागाहून घालतात. तीन गोष्टींचा मेळ बसला की आपण खुर्चीत बसल्या बसल्या म्हणतो, "आई गं!"

त्या दिवशी मेळ बसला नाही. हात खरोखरच बसला, आणि जोरात बसला. ललिताबाईंच्या डाव्या डोळ्याला इजा झाली आणि चेहऱ्याची डावी बाजू लकव्याने लुळी पडली.

हे काय असतं, तेही सांगते. आपल्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मज्जातंतू असतो. कानाजवळून तो बाहेर येतो आणि झाडाच्या फांद्यांसारखा कपाळ, पापण्या, गाल, ओठ इथवर पसरतो. हसणं, पापणी मिटणं, कपाळाला आठ्या घालणं, फुंकर मारणं, ही सगळी कामं तो करून घेतो. डावीकडच्या तंतूने काम थांबवलं की चेहऱ्याची डावी बाजू गप्प बसते. माणूस हसला तरी अर्धाच हसतो. कित्येक जणांचं हे दुखणं काही आठवड्यांत बरंही होतं. ललिताबाईंचे उपचार मात्र पुष्कळ दिवस चालले. आणि बऱ्या झाल्या, तरी डावा डोळा पहिल्यासारखा झाला नाही. तो कायमचा बारीक राहिला.

आता, अशा गोष्टी सांगताना आम्ही मोठी माणसं नेहमी घाई करतो. "पण त्यांनी जिद्द सोडली नाही आणि त्या यशस्वी झाल्या!" असं म्हणून पुढे पळतो. मी आज पळणार नाही. जरा थांबा माझ्याबरोबर.

सव्वीस वर्षांची एक नायिका. तिचा चेहरा हेच तिचं काम, तीच तिची भाकरी. मुकेपणात चेहऱ्याने बोलायला शिकलेली. आणि आता तोच चेहरा तिचं अर्धंच ऐकतो. पडद्यावर चेहरा जवळून दाखवतात तेव्हा एक डोळा दाराएवढा मोठा दिसतो. तिथे लपवायचं काय आणि कसं? चूक तिची नव्हती. तरी नुकसान तिचंच झालं. नायिकेच्या भूमिका गेल्या त्या गेल्याच, परत आल्या नाहीत. ज्या वयात दुसऱ्या नट्या झाडाभोवती गाणी म्हणत होत्या, त्या वयात ललिताबाईंना आई, आत्या, सासू व्हावं लागलं. हे काही बरोबर झालं नाही. ते बरोबर झालं असं आपण म्हणायचंही नाही. नंतर त्यांनी काय करून दाखवलं, ते कितीही मोठं असलं, तरी जे गेलं ते गेलंच होतं.

मग त्यांनी काय केलं? जे उरलं होतं, ते हातात घेऊन नीट बघितलं.

१९४४ साली प्रभात फिल्म कंपनीचा 'रामशास्त्री' आला. न्यायमूर्ती रामशास्त्री प्रभुणे यांची गोष्ट. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही 'ध चा मा' वाचला असेल. नारायणराव पेशव्यांना 'धरावे' ऐवजी 'मारावे' असा बदल कागदावर झाला, अशी जी प्रसिद्ध कथा आहे, तिच्यातल्या आनंदीबाई या सिनेमात ललिताबाई झाल्या होत्या. म्हणजे नायिका नाही, पण जिच्या एका नजरेने अंगावर काटा यावा अशी बाई.

मग तशा भूमिकांची रांगच लागली. कजाग सासू, कपटी आत्या, घरावर सत्ता गाजवणारी मालकीण. गुरुदत्तच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये (१९५५) त्या मधुबालाची कडक आत्या झाल्या. 'जंगली'मध्ये (१९६१) शम्मी कपूरची आई झाल्या. त्या घरात कुणी हसायचंच नाही असा नियम! घरात हसायला बंदी घालणारी आई. त्यांनी डोळा बारीक करून नुसतं बघितलं की थिएटरमधली पोरं आपापल्या आईला चिकटायची. लोक म्हणायचे, "काय दुष्ट बाई आहे!" कुणाला वाटायचं, त्या मुद्दामच तसा डोळा करतात.

आता तुम्ही म्हणाल, हे तर सोपंच झालं. डोळा तसा झाला, म्हणून दुष्ट बाईचं काम मिळालं. त्यात अभिनय कुठे आला?

अगदी बरोबर विचारलंत. याचं उत्तर 'अनाडी'मध्ये आहे.

'अनाडी' हा सिनेमा १९५९ सालचा, हृषीकेश मुखर्जी यांनी दिग्दर्शित केलेला. राज कपूर त्यात एक भोळा, बेकार चित्रकार आहे. तो ज्यांच्या घरी भाड्याने राहतो त्या घरमालकीणबाई म्हणजे मिसेस डिसा. त्या ललिताबाई. या मिसेस डिसा सारख्या ओरडतात. भाड्यावरून, कामधंद्यावरून, उशिरा घरी येण्यावरून. तोंडाचा पट्टा चालूच. पण ओरडता ओरडता त्या पोराच्या पोटात चार घास गेले की नाही, हे पण बघतात. आणि त्याच्याकडे बघताना त्यांचा तो डावा डोळा... काय सांगू तुम्हाला! तोच बारीक डोळा, तोच न हलणारा गाल. पण तिथे आता कपट दिसत नाही. रडू येऊ नये म्हणून डोळा आवळून धरलेली एक एकटी म्हातारी दिसते. पुढे वाईट औषधामुळे या मिसेस डिसा मरतात आणि आळ येतो बिचाऱ्या राज कपूरवर. तेव्हा भल्याभल्यांचे रुमाल बाहेर निघतात. या भूमिकेसाठी ललिताबाईंना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९६१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचाही पुरस्कार मिळाला.

म्हणजे बघा हं. डोळा एकच. 'जंगली'त त्याची भीती वाटते आणि 'अनाडी'त त्याची माया वाटते. अपघाताने डोळा बारीक केला, पण त्या डोळ्यात काय भरायचं, ते अपघाताने ठरवलं नाही. ते ललिताबाईंनी ठरवलं. यालाच म्हणतात अभिनय.

'श्री ४२०'मध्येही (१९५५) त्या अशाच आहेत. मुंबईच्या फुटपाथवर केळी विकणारी गंगामाई. नव्याने शहरात आलेल्या, कुणीच नसलेल्या तरुणाला दटावणारी आणि आपलंसं करणारी. 'आनंद'मध्ये (१९७१) त्या इस्पितळातली मेट्रन आहेत. रोग्यांना शिस्त लावणारी, भुवया वर चढलेली. राजेश खन्ना त्यांची इतकी थट्टा करतो की शेवटी त्या त्याच्या आईच होऊन जातात. आणि 'प्रोफेसर'मध्ये (१९६२) तर मज्जाच मज्जा! त्यातली कडक आत्या एका म्हाताऱ्या प्रोफेसरवर लट्टू होते. तो म्हातारा नसून वेष पालटलेला शम्मी कपूर असतो, हे बिचारीला ठाऊकच नसतं. तिथे त्या लाजतात! थिएटरात हसून हसून मुरकुंडी वळायची.

आता जरा माझ्या घरची एक गोष्ट सांगते. माझ्या आजीलाही लकवा झाला होता. तिचंही तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. आम्हा नातवंडांना त्याचं काहीच वाटायचं नाही. आजी उजव्या गालाने हसली की हसली. आम्हाला तेवढं पुरायचं. पण आजीने मात्र बाहेर जाणं सोडलं होतं. लग्नकार्य नाही, देऊळ नाही. पाहुणे आले की तोंडावर पदर.

रविवारी 'रामायण' लागलं की आजी पहिली पुढे बसायची. मंथरा आली की हात उगारायची. "मेलीनं सोन्यासारखं घर मोडलं!" मग एकदा दूरदर्शनवर 'अनाडी' लागला. आजी बराच वेळ बघत राहिली. मग हळूच बाबांना म्हणाली, "ही मंथराच ना रे? हिचा डोळा असा कशानं झाला?" बाबांनी ती थोबाडीतची गोष्ट सांगितली. आजी गप्प. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि तरी ही चारचौघांसमोर जाते?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कुणीच दिलं नाही.

गोष्टीतल्यासारखं पुढे काही घडलं नाही, बरं का. आजीने पदर काढला नाही. लग्नकार्याला ती शेवटपर्यंत गेली नाही. एवढंच झालं, की त्यानंतर टीव्हीवर कुठल्याही सिनेमात ललिताबाई दिसल्या की आजी आम्हाला दटावायची, "गप्प बसा रे, माझी बाई आली!" मग ती बाई सुनेला छळत असो नाहीतर केळी विकत असो.

मी मोठी झाल्यावर मला कळलं, आजीला त्या पडद्यावर काय दिसत होतं. आपल्यासारखाच चेहरा, आणि त्याच्यावर पदर नाही.

ललिताबाई म्हातारपणापर्यंत काम करत राहिल्या. लहानपणी मुक्या सिनेमात सुरुवात आणि सत्तरी ओलांडल्यावर रंगीत टीव्हीवर मंथरा! सिनेमा मुका होता, बोलका झाला, काळ्या-पांढऱ्याचा रंगीत झाला, थिएटरातून घरात आला. हे सगळं त्यांनी एका जन्मात पाहिलं, आणि प्रत्येक वेळी त्या तिथे होत्या. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात, औंधला त्यांचं निधन झालं. तेव्हा त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या.

मंथरेच्या कामाबद्दलही एक सांगायचं राहिलं. मंथरा दिसली की आपल्याला राग येतो, कारण ती वाईट आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. पण ललिताबाईंची मंथरा नीट बघा. तिने कैकेयीला लहानाची मोठी केलेली असते. उद्या दुसऱ्या राणीचा मुलगा गादीवर बसणार, मग माझ्या पोरीचं काय होणार, ही भीती तिच्या डोळ्यात आधी येते. विष मागाहून येतं. तिची माया आंधळी असते, म्हणून घात होतो. एवढ्या छोट्या कामात हे सगळं दाखवायचं, तेही कुबड काढून, हे येरागबाळ्याचं काम नोहे!

तर मित्रमैत्रिणींनो, सुट्टीच्या दिवशी आई-बाबांना सांगून 'अनाडी' मिळवा आणि सगळे मिळून बघा. दुसऱ्या दिवशी 'रामायणा'तला मंथरा आणि कैकेयीचा प्रसंग बघा. आणि आता खरा प्रयोग. दोन्ही वेळा दोन मिनिटं आवाज पूर्ण बंद करा, मुक्या सिनेमासारखं. फक्त ललिताबाईंच्या चेहऱ्याकडे बघा. डावा डोळा सारखाच असेल. मग कपट कुठे दिसलं आणि माया कुठे दिसली? ओठात? मानेत? हातात? वहीत लिहून काढा, आणि आई-बाबांनाही त्यांचं वेगळं लिहायला सांगा. बघा, उत्तरं जुळतात का.

हा प्रयोग नीट जमला ना, की शाळेत कामी येईल. प्रत्येक वर्गात कुणीतरी असतंच. कुणाच्या गालावर भाजल्याचा डाग असतो, कुणाचा डोळा तिरळा असतो, कुणी बोलताना अडखळतं. आणि त्याला नाव ठेवणारे पहिल्याच दिवशी नाव ठेवून मोकळे होतात. तुम्ही मात्र घाई करू नका. दोन मिनिटं आवाज बंद करा आणि नीट बघा. न जाणो, ते पोर तुमच्याकडे बघून हसतच असेल!